पासलीच्या ओढ्यावरचा बार

१

बार उडाला आणि कुंडलिक हवालदार दिसेनासे झाले. पासली गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेकडेने दबकत पुढे सरकणाऱ्या पोलिसांच्या रांगेत ते शेवटचे होते. आता त्या जागी नुसतं गवत हलत होतं.

सबिहा अत्तार तेव्हा मागे, शेताच्या बांधावर उभी होती. कानांवर हेडफोन, खांद्याला रेकॉर्डरची पेटी, हातात लांब दांड्याचा माईक. ‘थेट धाड’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाची ती साउंड रेकॉर्डिस्ट. पोलिसांच्या खऱ्या धाडी, खरी पळापळ आणि जमलंच तर खरी मारामारी दर आठवड्याला लोकांच्या दिवाणखान्यात पोचवायची, असा तो कार्यक्रम होता. या नोकरीत सबिहाने दगड झेलले होते, कुत्री अंगावर घेतली होती, आणि एकदा तर आरोपी समजून पोलिसांचीच काठी खाल्ली होती. भोरला राहणाऱ्या तिच्या आईला यातलं निम्मंच ठाऊक होतं आणि तेवढ्यानेच तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

आज ओढ्याची कड अरुंद म्हणून फौजदार मानसिंगरावांनी फक्त कॅमेरामनला पुढे नेलं होतं. सबिहाच्या डाव्या कानात तिच्या हातातला माईक होता आणि उजव्या कानात फौजदारांच्या कॉलरला लावलेला बिनतारी माईक. दोन्ही एकाच टेपवर शेजारी-शेजारी भरले जात होते. बार उडायच्या थोडं आधी तिच्या छातीवरच्या वॉकीटॉकीतून दिग्दर्शक सार्थक म्हणाला होता, “सबिहा, लेव्हल जरा खाली घे.” पुढे सगळे कुजबुजत चाललेत आणि हा म्हणतो खाली घे. दिग्दर्शक मंडळींना आवाजातलं काय कळतं, असं मनाशी म्हणत तिने बटण फिरवलं होतं. आधी सांगितलेलं करायचं आणि मग भांडायचं, ही त्या धंद्यातली रीत.

ती धावत कडेशी पोचली तेव्हा खाली भयंकर दृश्य होतं. कुंडलिक हवालदार ओढ्यात खडकावर आपटून पाण्यात पडले होते, डोक्यातून रक्त वाहत होतं. त्यांच्या शेजारी गुडघाभर पाण्यात ज्ञानू उभा होता. हातभट्टी लावणारा ज्ञानू, ज्याला धरायला ही सगळी वरात निघाली होती. त्याचा हात हवालदारांच्या मानेखाली होता. दोघा शिपायांनी झेप घेऊन त्याला पाण्यातच लोळवलं.

हवालदारांना गोळी लागली नव्हती. बाराने दचकून त्यांचा तोल गेला होता. पण पोलिसांवर गोळी झाडली म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि हवालदार दगावले तर काय होणार हे सांगायची गरज नव्हती. हत्यार मात्र कुठेच सापडलं नाही. ज्ञानूने ते डोहात भिरकावलं असणार, असं फौजदार म्हणाले. मग ते सबिहाकडे वळले.

“बार तुमच्या टेपवर आलाय ना, मॅडम? मग झालं. तोच आपला पुरावा.”

२

दुपारी चौकीच्या आवारात युनिटची माणसं वडापाव खात होती. सार्थक खुशीत होता. हवालदारांना पुण्याच्या इस्पितळात नेल्याबद्दल तो दोनदा “वाईट झालं” म्हणाला, पण डोळ्यांतली चमक त्याला लपवता येत नव्हती. चॅनेलवाले महिनाभर कुरकुरत होते, की धाडी मिळमिळीत होतायत, असंच चाललं तर कार्यक्रम बंद करू. मागे कामथडीला हायवेवर शिपायाने हवेत गोळी झाडली होती, तीही वाया गेली होती. आवाज एवढा फाटला की चॅनेलने तो भागच परत पाठवला. आज मात्र सगळं मनासारखं झालं होतं.

“काय क्लीन आलाय बार!” तो सबिहाला म्हणाला. “टेप माझ्याकडे दे. रात्रीच पुण्याला एडिटिंगला बसतो.”

“एकदा ऐकून देते,” सबिहा म्हणाली.

फाटकाशी एक म्हातारी उकिडवी बसली होती. ती ज्ञानूची आई, ठकुबाई. शिपायांनी तिला दोनदा हाकललं होतं आणि ती दोनदा परत येऊन त्याच जागी बसली होती. सबिहा जवळून जाताना तिने तिच्या ओढणीचं टोक धरलं.

“कानाला लावून हुतीस ती तूच न्हवं?” ती म्हणाली. “मग तुला ठावं आसंल. माझा ल्योक दारू गाळतो, म्या न्हाई म्हनत न्हाई. पन त्याच्याकडं कसली बंदूक? आन् भट्टी हुती पल्याडच्या काठाला. मागं सगळं रान मोकळं. पळायचं सोडून त्यो पान्यात कशाला उतरला, इचार की कुनाला तरी.”

उद्या ज्ञानूला भोरच्या कोर्टात उभं करणार होते आणि त्याच्याविरुद्धचा एकुलता एक पुरावा सबिहाच्या पेटीत होता. तिने स्वतःच्या हाताने भरलेला. हे तिच्या मनाला झोंबलं. त्या पोराने गोळी झाडली असेल तर खुशाल जाऊ दे तुरुंगात, पण झाडली नसेल, तर त्याला आत घालणारी आपण ठरणार.

चौकीमागच्या चिंचेखाली बसून तिने हेडफोन चढवले आणि टेप मागे घेतली. ओढ्याची खळखळ, फौजदारांचा श्वास, बुटाखाली मोडलेली काटकी, बार. पुन्हा मागे, पुन्हा बार. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून ऐकलं.

बार आधी डाव्या कानात वाजत होता. उजव्या कानात मागाहून.

३

मानसिंगराव फौजदार डोक्याने तल्लख होते आणि स्वभावाने तापट. सबिहाने सांगितलेलं त्यांनी उभ्यानेच ऐकलं, मग खुर्ची ओढून बसले.

“नीट सांगा. डावा म्हणजे तुमचा माईक, मागे बांधावर. उजवा माझ्या कॉलरचा.”

“हो. ज्ञानू तुमच्या समोर होता, माझ्यापासून लांब. त्याने झाडली असती तर आवाज आधी तुमच्या कॉलरपाशी पोचला असता आणि मग माझ्याकडे आला असता. इथे उलटं झालंय.”

“डोंगर आहे मॅडम हा. इथे शिंक दिली तरी चार बाजूंनी ऐकू येते. मला तर बार डोक्यावर झाल्यासारखा वाटला.”

“कानाला तसंच वाटणार. पण प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या नंतर येतो, साहेब. आधी कसा येईल?”

फौजदारांनी हेडफोन मागून घेतले. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग हेडफोन उलटे चढवून तिसऱ्यांदा ऐकलं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. आपण चुकीच्या माणसाला लोळवलं, हे कुणालाच आवडत नाही. पण राग गिळून ते पुढचा विचार करू लागले, हे सबिहाला आवडलं.

“माझ्या माणसांपैकी कुणाच्या हातून सुटली म्हणावं, तर पिस्तूल फक्त माझ्याकडे होतं, आणि ते तर पुढे. शिवाय परत आल्यावर मीच ते पंचांसमोर रिकामं केलं, गोळ्या जशाच्या तशा आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे बार मागे झाला. तुमच्याही मागे, रस्त्याच्या अंगाला. तिकडे कोण होतं?”

सबिहाने बोटावर नावं घेतली. रस्त्याकडेच्या खळ्यावर भात झोडपणारा गेनबा. युनिटच्या जीपमध्ये बसलेला ड्रायव्हर फुरकान. आणि सार्थक.

“गेनबा!” फौजदार उठलेच. “त्या बाबाकडे दरसाल डुकरं हाकलायला फटाके असतात. चला.”

जीपकडे जाताना सार्थक आडवा आला. कुठे चाललात, टेप कुठे आहे, अशी त्याने विचारपूस केली. टेप फौजदारांनी ठेवून घेतली हे कळल्यावर तो हसला, पण ते हसू त्याच्या ओठांवरच विरलं.

“सबिहा,” तो हळू आवाजात म्हणाला, “हा एपिसोड गेला तर कार्यक्रम बंद होईल. तुझी नोकरीही त्यातच आहे, एवढं लक्षात ठेव.”

४

गेनबा खळ्यावर पेंढ्या रचत होता. फौजदारांनी दरडावून विचारलं तरी त्याने हातातलं काम संपवलं, मुंडाशाने तोंड पुसलं आणि मग बोलायला लागला.

“फटाकं हायत की माझ्याकडं. न्हाई कुठं म्हनतो? पन सायेब, भात कापून खळ्यावर आलंय. डुकरानं आता शेतात येऊन खायाचं काय, माती? आन् डुक्कर येतंय रातचं. भर दिसाचा म्या कुनासाठी बार काढू?”

दिवाळी नुकतीच सरली होती, सगळी भातं कापून झाली होती. सबिहाने त्याला विचारलं, बार कुठल्या अंगाला झाला? गेनबाने हात वर करून मोघम फिरवला. पण आणखी एक गोष्ट त्याने आपणहून सांगितली. बाराच्या आधी त्यांचा तो चष्मेवाला साहेब म्हसोबाला जाऊन आला होता. शहरातला माणूस असून देवाधर्माचा दिसतो, म्हणून गेनबाला कौतुक वाटलं होतं.

चष्मेवाला म्हणजे सार्थक. सबिहा त्याच्याबरोबर किती गावं हिंडली होती. वाटेतल्या देवळापुढे जीप थांबली की वेळ जातो म्हणून चिडचिड करणारा माणूस तो.

फुरकान जीपची काच पुसत होता. हाही भोरचाच, सबिहाच्या मोहल्ल्यातला, तिला आपा म्हणायचा. सार्थकचं नाव निघताच तो सावरून उभा राहिला.

“बार झाला तवा साहेब माझ्या शेजारीच बसलेले, आपा. कसम खाऊन सांगतो. त्यांनी काय केलं न्हाई.”

“म्हसोबाला गेले होते ना?”

“व्हय, त्याच्या आधी. माझ्याकडनं उदबत्ती मागून नेली. मी रोज सकाळी गाडीत लावतो ती. देवाला लावतो म्हणाले. मग येऊन बसले, वॉकीटॉकीवर तुमच्याशी बोलले, आन् घड्याळ बघत ऱ्हायले. मला वाटलं चहाची वेळ झाली.”

फौजदारांनी निराश होऊन मान हलवली. संशयित ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला असताना बार कसा काढेल? पण सबिहा चालायला लागली होती. म्हसोबा रस्त्याच्या वळणाआड, करवंदीच्या जाळीपाशी होता. शेंदूर फासलेला धोंडा. पुढे नारळाची करवंटी होती, कुणाची तरी सुकलेली फुलं होती. उदबत्ती नव्हती.

ती धोंड्याला वळसा घालून मागे गेली आणि खाली वाकली.

मातीत उदबत्तीची जळकी काडी खोचलेली होती. तिच्याभोवती गवत करपलं होतं, आणि करवंदीच्या काट्यांत सुतळीचे तुकडे आणि हिरव्या कागदाच्या चिंध्या अडकल्या होत्या.

“देवाच्या पाठीमागे उदबत्ती कोण लावतं, साहेब?” सबिहा म्हणाली.

फौजदारांनी वाकून सुतळीचा तुकडा निरखला. उदबत्तीला सुतळी बॉम्बची वात बांधायची, पेटवायची आणि साळसूदपणे आपल्या जागी येऊन बसायचं. उदबत्ती जळत वातीपाशी आली की बार. भोरच्या आळीत दिवाळीला पोरं हीच करामत करून म्हाताऱ्यांना घाबरवायची. सार्थकही लहानपणी कुठल्यातरी आळीत हेच करत असणार.

५

चौकीतल्या लाकडी टेबलाभोवती ते तिघे बसले. फौजदार, सबिहा आणि सार्थक. फुरकान दाराशी उभा होता. ज्ञानू पलीकडच्या कोठडीत गजांमागे होता. सार्थकने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“मी उदबत्ती लावली, देवापुढे. ती उचलून मागे कुणी नेली मला काय माहीत? फटाके गेनबाकडे आहेत. उदबत्त्या फुरकानकडे आहेत. मी तर जीपमध्ये होतो, तुमचाच साक्षीदार सांगतोय.”

दाराशी फुरकानचा चेहरा पडला. फौजदारांनी सबिहाकडे पाहिलं. खरं तर सार्थक बोलत होता ते अगदीच खोडून काढता येत नव्हतं. काडी कुणीही खोचू शकतं. एका शहरी साहेबाच्या शब्दापुढे ड्रायव्हरचा आणि शेतकऱ्याचा शब्द कोर्टात किती टिकेल, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सबिहाने टेप लावली. ओढा खळखळला. आणि तिच्या छातीवरच्या वॉकीटॉकीतून निघालेला, तिच्याच माईकने टिपलेला आवाज खोलीभर ऐकू आला: “सबिहा, लेव्हल जरा खाली घे.”

तिने टेप थांबवली.

“पोलीस दबकत चालले होते,” ती म्हणाली. “सगळी कुजबुज. अशा वेळी कुणीही मला लेव्हल वर घ्यायला सांगेल. तू कायम तेच सांगतोस, ऐकूच येत नाही म्हणून माझ्या नावाने खडे फोडतोस. आज तू खाली घ्यायला का सांगितलंस?”

सार्थकने चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“मी सांगू? कामथडीला लेव्हल वर होती म्हणून बार फाटला आणि चॅनेलने परत पाठवला. तो परत फाटायला नको होता तुला. मोठा आवाज होणार आहे हे ज्याला आधी ठाऊक आहे, तोच लेव्हल खाली घ्यायला सांगतो. बार होणार हे एक वेळ ज्ञानूला ठाऊक असेल, गेनबाला असेल, फुरकानला असेल, पण लेव्हल खाली घ्यायला मला सांगितलं तू. तुला नुसता बार नको होता, नीट ऐकू येणारा बार हवा होता. तेवढ्या एका वाक्याचा मोह आवरला नाही तुला.”

सार्थकने चष्मा टेबलावर ठेवला. त्याचे डोळे त्याशिवाय लहान आणि थकलेले दिसत होते.

“मी कुणाला काही करायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला. “बार झाला की पोलीस खाली बसतील, पळतील, काहीतरी घडेल, एवढंच. हवालदार पडतील असं कोणाच्या ध्यानीमनी होतं?”

“पडल्यावर तर कळलं होतं,” सबिहा म्हणाली. “त्यानंतर त्या पोराला बेड्या घातल्या. तू वडापाव खात बघत होतास.”

तिला त्याची कीव आली, हेही खरं. बंद पडत आलेल्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक काय-काय करतो, हे तिने जवळून पाहिलं होतं. पण कीव आली म्हणून तिने एक शब्दही मागे घेतला नाही. तिने स्वतःचा जबाब लिहून दिला, त्यात लेव्हल आपण ‘का’ ते न विचारता खाली घेतली हेही लिहिलं, आणि खाली सही केली. ही सही म्हणजे आपल्या नोकरीवर पाणी सोडणं आहे, हे तिला सही करताना पक्कं माहीत होतं. मानसिंगरावांनीही काही लपवलं नाही. धाडीवर कॅमेरा नेण्याची परवानगी आपण दिली आणि हत्यार न सापडताच आपण आरोप लावला, असं त्यांनी वरिष्ठांना कळवायच्या अहवालात स्वतःच्या हाताने घातलं. त्यांची मान लाल झाली होती, पण पेन थांबलं नाही.

मग त्यांनी कोठडी उघडायला लावली. ज्ञानू बाहेर आला. दिवसभर ओल्या कपड्यांत राहून तो थरथरत होता आणि एका बाजूचा गाल सुजला होता. फाटकापासून ठकुबाईला आत बोलावलं होतं. ती लेकाकडे बघून भिंतीला टेकली.

फौजदारांनी त्याला सांगितलं, की गोळीचा आरोप काढून घेतलाय, बार कुणी काढला ते कळलंय. दारूचा गुन्हा मात्र राहील. भट्टी त्याचीच होती. ज्ञानूने मान डोलावली. आता तो पाया पडेल, रडेल किंवा शिव्या घालेल, असं सबिहाला वाटलं. सार्थक खुर्चीत बसूनच होता, त्याच्याकडे ज्ञानूने पाहिलंही नाही.

“हवालदार कसं हायत?” त्याने विचारलं.

दुपारपासून या चौकीत बाराबद्दल बोलणं झालं होतं, टेपबद्दल, कार्यक्रमाबद्दल, कोर्टाबद्दल. सबिहाला एकदम स्वतःची लाज वाटली.

“तुमी मला वडून काडलं,” ज्ञानू म्हणाला, “तवा त्यांचं डोकं पुन्ना पान्यात गेलं. नाकातोंडात पानी शिरलं आसंल. म्या वरडत हुतो, त्यांना धरा म्हनून.”

फौजदारांनी डोळे खाली घातले. मग फोन ओढून त्यांनी पुण्याला इस्पितळात लावला. बराच वेळ पलीकडे कुणी उचलेना. मग उचललं. ते फक्त “हां, हां” म्हणत राहिले आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“शुद्धीवर आलेत,” फोन ठेवून ते म्हणाले. “बायकोला ओळखलं. चहा मागतायत.”

ज्ञानू मटकन जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठकुबाई पुढे झाली, त्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवायला लागली. थोड्या वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं आणि फौजदारांकडे पाहिलं.

“मंग लिवा सायेब,” तो म्हणाला, “दारूचं काय लिवायचं त्ये.”